क्लिपबोर्डवरचा फॉरमॅट केलेला मजकूर: वाचायचा कसा, सेव्ह करायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी शार्पमध्ये टिपणं ठेवायचं एक डेस्कटॉप ॲप लिहिलंय. वापरणारा ब्राउझर, वर्ड किंवा एक्सेलमधून काही कॉपी करतो आणि ॲप ते उचलून डेटाबेसमध्ये ठेवतं. क्लिपबोर्डवरून मजकूर वाचणारं 'गेटटेक्स्ट' हे फंक्शन वापरलं की ठळक अक्षरं, लिंक, तक्ते सगळं गायब होतं. एचटीएमएल मागितलं तर सुरुवातीला 'व्हर्जन', 'स्टार्टएचटीएमएल' असल्या ओळी येतात, आणि त्यातले आकडे वापरून मजकूर कापायला गेलं की इंग्रजी नीट कापलं जातं, मराठी मात्र भलत्याच ठिकाणी तुटतं. मग नेमकं काय वाचायचं आणि कोणत्या रूपात ठेवायचं?

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. कॉपी केल्यावर क्लिपबोर्डवर 'एक मजकूर' जात नाही, एकाच मजकुराची अनेक रूपं जातात. ब्राउझर साधा युनिकोड मजकूर आणि एचटीएमएल अशी दोन्ही रूपं ठेवतो. वर्ड त्यात आरटीएफ (रिच टेक्स्ट फॉरमॅट, फॉरमॅटिंगसकट मजकूर ठेवायची मायक्रोसॉफ्टची पद्धत), चित्रं, स्वतःची खाजगी रूपं अशी भली मोठी यादी जोडतं. पेस्ट करणारा त्यातलं आपल्याला झेपेल ते उचलतो. नोटपॅड साधा मजकूर घेतं, वर्ड आरटीएफ किंवा एचटीएमएल घेतं. म्हणजे तुमच्या 'गेटटेक्स्ट'ने फॉरमॅटिंग घालवलं नाही. तुम्ही साधं रूप मागितलं आणि तेच मिळालं.

म्हणून कोड लिहायच्या आधी नुसती यादी छापून बघा. 'गेटडेटाऑब्जेक्ट' घ्या आणि त्यावर 'गेटफॉरमॅट्स' चालवा, आत 'फॉल्स' द्या. 'ट्रू' दिलंत तर डॉटनेट (सी शार्प ज्यावर चालतं ते व्यासपीठ) स्वतः रूपांतर करून देऊ शकेल अशी नावंही यादीत येतात आणि मूळ प्रोग्रॅमने खरोखर काय ठेवलंय ते कळत नाही. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, पीडीएफ वाचक अशा चार-पाच ठिकाणांहून कॉपी करून याद्या शेजारी शेजारी ठेवा. पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

विंडोजवर साध्या मजकुराच्या रूपांना ठरलेले क्रमांक आहेत. सीएफ_टेक्स्ट म्हणजे १ आणि सीएफ_युनिकोडटेक्स्ट म्हणजे १३. पहिल्याच्या वाटेला जाऊच नका. तो सिस्टिमच्या ॲन्सी कोडपेजमध्ये, म्हणजे युनिकोडपूर्व अक्षरतक्त्यात, असतो आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये ॲन्सी कोडपेजच नाही, त्यामुळे मराठीची सरळ प्रश्नचिन्हं होतात. एचटीएमएल आणि आरटीएफ ही 'नोंदवलेली' रूपं आहेत. त्यांचे क्रमांक ४९१५२ च्या पुढे कुठेही असू शकतात आणि लॉगिनगणिक बदलू शकतात. क्रमांक कोडमध्ये लिहून ठेवू नका, 'एचटीएमएल फॉरमॅट' आणि 'रिच टेक्स्ट फॉरमॅट' या नावांनी विचारा. नाव अगदी असंच लागतं, मधल्या जागेसकट.

एचटीएमएलचं हेडर आणि बाइटचा घोळ

तुमचा खरा अडथळा इथे आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

विंडोजच्या क्लिपबोर्डवरचं एचटीएमएल नुसतं एचटीएमएल नसतं. त्याच्या डोक्यावर साध्या ओळींचं एक हेडर असतं. व्हर्जन, मग स्टार्टएचटीएमएल, एंडएचटीएमएल, स्टार्टफ्रॅगमेंट, एंडफ्रॅगमेंट, आणि बऱ्याचदा सोर्सयूआरएल. पहिली जोडी संपूर्ण एचटीएमएल कुठून कुठपर्यंत आहे ते सांगते, दुसरी जोडी त्यातला प्रत्यक्ष कॉपी केलेला तुकडा दाखवते. हे आकडे हेडरच्या पहिल्या बाइटपासून मोजलेले असतात आणि ते बाइट असतात, अक्षरं नव्हेत. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांचे बाइट करायची पद्धत, कायम यूटीएफ-८.

आता प्रत्यक्ष मोजून बघू. समजा कोणी 'मराठी मजकूर' हे दोन शब्द कॉपी केले, पहिला ठळक आहे आणि सोर्सयूआरएल नाही. दहा आकडी रकाने असलेलं हेडर बरोबर १०५ बाइटचं होतं, म्हणून स्टार्टएचटीएमएल १०५. त्यानंतर एचटीएमएल आणि बॉडी हे उघडणारे टॅग, दोन नव्या ओळी आणि तुकडा सुरू झाल्याची खूण करणारी कॉमेंट, मिळून ३६ बाइट. म्हणून स्टार्टफ्रॅगमेंट १४१. मग तुकडा. ठळकचा उघडणारा टॅग ३ बाइट, 'मराठी' या शब्दाचे पाच कोडपॉइंट (युनिकोडमधले अक्षर-मात्रांचे क्रमांक) प्रत्येकी तीन बाइटचे म्हणून १५, बंद करणारा टॅग ४, मोकळी जागा १, 'मजकूर'चे पुन्हा १५. एकूण ३८, म्हणून एंडफ्रॅगमेंट १७९. शेवटची कॉमेंट आणि बंद करणारे टॅग धरून एंडएचटीएमएल २१५.

पण डॉटनेटच्या स्ट्रिंगमध्ये हाच तुकडा १८ अक्षरांचा आहे, ३८ चा नाही. तुम्ही 'सबस्ट्रिंग' ला १४१ पासून ३८ अक्षरं मागितलीत की तुकड्याच्या पुढची २० अक्षरंही येतात, म्हणजे शेवटची कॉमेंट आणि एक नवी ओळ. मजकूर मोठा असेल तर एंडफ्रॅगमेंटचा आकडा स्ट्रिंगच्या लांबीच्याही पुढे जातो आणि सरळ एक्सेप्शन येतं. पानाच्या शीर्षकात किंवा तुकड्याच्या आधीच्या भागात देवनागरी असेल तर सुरुवातही सरकते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून तिथे हे कधी दिसतच नाही. फक्त इंग्रजीवर तपासलेल्या कोडमध्ये हा दोष वर्षानुवर्षं सुखाने नांदतो.

उपाय सोपा आहे. मिळालेली स्ट्रिंग पुन्हा यूटीएफ-८ बाइटमध्ये बदला, त्या बाइटच्या रांगेवर हेडरमधले आकडे लावून तुकडा कापा आणि मग त्याची स्ट्रिंग करा. मात्र आधी ती स्ट्रिंग नीट डीकोड झालेली आहे का ते बघा. डॉटनेट फ्रेमवर्कच्या जुन्या आवृत्त्या हे बाइट सिस्टिमच्या कोडपेजने वाचायच्या आणि प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र लॅटिन चिन्हं दिसायची. तसं दिसत असेल तर नवीन आवृत्तीवर या, किंवा सरळ विन३२ ची, म्हणजे विंडोजची मूळ, फंक्शन वापरून कच्चे बाइट घ्या.

कच्चे बाइट घेण्याचा क्रम असा: ओपनक्लिपबोर्ड, गेटक्लिपबोर्डडेटा, ग्लोबललॉक, ग्लोबलसाइझ, बाइट आपल्या मेमरीत कॉपी, ग्लोबलअनलॉक, क्लोजक्लिपबोर्ड. मिळालेलं हँडल (त्या मेमरीची ओळखखूण) क्लिपबोर्डच्या मालकीचं असतं, ते ग्लोबलफ्री करू नका. दुसरं, ग्लोबलसाइझ कधी कधी खऱ्या मजकुरापेक्षा मोठा आकडा देतं, कारण मेमरी वरच्या गोल मापात दिली जाते. एचटीएमएल आणि आरटीएफ दोन्हींत पहिला शून्य बाइट आला की तिथे थांबा, नाहीतर शेपटाला कचरा येतो आणि तोच डेटाबेसमध्ये जाऊन बसतो.

स्टार्टएचटीएमएल आणि एंडएचटीएमएल उणे एक असू शकतात. त्याचा अर्थ आजूबाजूचा संदर्भ दिलेला नाही, फक्त तुकडा आहे. हे कायदेशीर आहे, त्यावर एरर देऊ नका.

तुकडा घ्यायचा की सगळं?

बहुतेक जण 'स्टार्टफ्रॅगमेंट ते एंडफ्रॅगमेंट कापा' एवढं सांगून मोकळे होतात. ब्राउझरपुरतं ते चालतं, कारण ब्राउझर दिसण्याच्या बहुतेक गोष्टी प्रत्येक टॅगच्या स्टाइलमध्येच लिहून देतो. एक्सेलला हे लावलंत की तक्ता मोडतो. एक्सेल तुकड्याची खूण टेबलच्या उघडणाऱ्या टॅगच्या आत ठेवतं. म्हणजे कापलेल्या तुकड्यात ओळी आणि रकाने असतात, पण त्यांना धरून ठेवणारा टेबल टॅगच नसतो. एचटीएमएल पार्सर (टॅग वाचून त्यांची झाडासारखी रचना करणारा कोड) टेबलबाहेरच्या ओळी-रकान्यांचे टॅग फेकून देतो आणि सगळे आकडे एकमेकांना चिकटून येतात. शिवाय रंग, सीमारेषा, संरेखन हे सगळं हेडमधल्या स्टाइल भागात वर्गांच्या नावाने असतं. तुकड्यात फक्त वर्गाचं नाव येतं, त्याची व्याख्या मागे राहते.

म्हणून माझी पद्धत अशी की कापायचं नाहीच. एंडएचटीएमएलपर्यंतचं पूर्ण एचटीएमएल पार्सरला द्यायचं, हेडमधल्या स्टाइल ज्या त्या टॅगवर उतरवायच्या आणि मग दोन कॉमेंटच्या मधला भाग झाडातून काढायचा, तेही वरचे टेबल, लिस्ट असे आवश्यक पालक बरोबर घेऊन. सी शार्पमध्ये यासाठी अँगलशार्पसारखा खरा पार्सर वापरा. रेग्युलर एक्सप्रेशनने हे करू नका. वर्डच्या पहिल्याच मोठ्या दस्तऐवजावर हात टेकाल.

प्रत्येक मोठ्या प्रोग्रॅमची एकेक खोड असते, ती माहीत असलेली बरी. गूगल डॉक्स सगळा मजकूर ठळकच्या 'बी' टॅगमध्ये गुंडाळतं आणि त्याच टॅगवर 'फॉन्ट-वेट नॉर्मल' अशी स्टाइल देतं. तुमच्या सफाईच्या कोडने स्टाइल काढून टॅग ठेवला की अख्खं टिपण ठळक होतं आणि वापरणाऱ्याला वाटतं ॲप बिघडलं. त्या टॅगच्या आयडीची सुरुवात 'डॉक्स-इंटर्नल-गुइड' अशी असते, तो ओळखून आधीच उलगडून टाका. वर्डच्या याद्या खऱ्या यादीच्या टॅगमध्ये येत नाहीत. ते साधे परिच्छेद असतात, त्यांच्या स्टाइलमध्ये 'एमएसओ-लिस्ट' असा गुणधर्म असतो आणि गोळी ही सिम्बॉल फॉन्टमधलं एक अक्षर म्हणून छापलेली असते. एमएसओ ने सुरू होणाऱ्या सगळ्या स्टाइल सरसकट उडवल्यात तर याद्यांची पातळी कळायचा एकमेव मार्ग बंद होतो. आधी त्यावरून याद्या बांधा, मग उडवा.

वर्डच्या चित्रांचंही असंच. एचटीएमएलमध्ये चित्राचा पत्ता म्हणून टेंप फोल्डरमधल्या फाइलचा मार्ग येतो. ती फाइल आज असते, उद्या नसते. सेव्ह करतानाच ती वाचून आपल्या साठ्यात घ्या, नाहीतर महिन्याभराने टिपणांत नुसत्या रिकाम्या चौकटी राहतील. ब्राउझरमधून आलेल्या चित्रांचा पत्ता इंटरनेटवरचा असतो. तिथे वापरणाऱ्याला न विचारता डाउनलोड करायचं की नुसती लिंक ठेवायची हे तुम्ही ठरवा. टिपण उघडल्यावर आपोआप बाहेरच्या सर्व्हरला विनंती जाणं मला पटत नाही.

आरटीएफ

आरटीएफ १९८७ पासूनचं, आणि २००८ च्या १.९.१ आवृत्तीनंतर मायक्रोसॉफ्टने त्यात भर घातलेली नाही. तरीही वर्डमधून रिचटेक्स्टबॉक्समध्ये (डॉटनेटच्या फॉरमॅट केलेला मजकूर दाखवणाऱ्या चौकटीत) आणायचं असेल तर सर्वांत कमी कटकटीचं तेच. विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ हे डॉटनेटमध्ये विंडो बनवायचे दोन मार्ग. विनफॉर्म्सचा रिचटेक्स्टबॉक्स आरटीएफच समजतो. डब्ल्यूपीएफचा रिचटेक्स्टबॉक्स आरटीएफ आणि झॅमल (डब्ल्यूपीएफची स्वतःची टॅगवाली भाषा) समजतो, एचटीएमएल नाही. तुमचं ॲप पूर्णपणे रिचटेक्स्टबॉक्सवर उभं असेल आणि टिपणं त्याच ॲपमध्ये उघडायची असतील, तर आरटीएफ पहिल्या पसंतीचं ठेवा आणि एचटीएमएल फक्त ब्राउझरसाठी हाताळा. पुढेमागे वेबवर किंवा फोनवर न्यायचं असेल तर उलट करा.

आरटीएफची फाइल मुळात सात बिटी आस्की असते. देवनागरी त्यात आकड्यांनी लिहिली जाते. बॅकस्लॅश, यू, मग कोडपॉइंटचा दशमान आकडा आणि जुन्या वाचकांसाठी एक पर्यायी अक्षर, बहुधा प्रश्नचिन्ह. 'मराठी' म्हणजे २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ हे पाच आकडे आणि प्रत्येकामागे एकेक प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह बघून मजकूर बिघडला असं समजू नका. आकडे अधिक-उणे चिन्हासह १६ बिटी असतात, त्यामुळे ३२७६७ च्या वरचे कोडपॉइंट उणे दिसतात. इमोजीसारखी अक्षरं दोन तुकड्यांत येतात.

फाइलमध्ये लिहिताना एक सापळा आहे. आरटीएफ फाइल उघडत्या महिरपी कंसानेच सुरू व्हायला हवी. 'एन्कोडिंग.यूटीएफ८' देऊन 'राइटऑलटेक्स्ट' केलंत की सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे एन्कोडिंग सांगणाऱ्या खुणेचे, तीन बाइट चिकटतात आणि अनेक प्रोग्रॅम ती फाइल आरटीएफ म्हणून ओळखतच नाहीत, कोड जसाच्या तसा दाखवतात. आस्की द्या, किंवा रिचटेक्स्टबॉक्सचं 'सेव्हफाइल' वापरा. डब्ल्यूपीएफमध्ये 'टेक्स्टरेंज'चं 'सेव्ह' आहे. चित्रं हवी असतील तर त्यात झॅमलपॅकेज निवडा, नुसत्या झॅमलमध्ये चित्रं राहत नाहीत.

वाचायची वेळ

क्लिपबोर्ड सगळ्यांचा सामायिक आहे आणि एका वेळी एकच प्रोग्रॅम तो उघडू शकतो. रिमोट डेस्कटॉप, क्लिपबोर्ड हिस्टरी ठेवणारी टूल्स हीसुद्धा त्याच क्षणी तिथे हात घालत असतात. त्यामुळे ओपनक्लिपबोर्ड कधी कधी अपयशी ठरणारच. तो दोष नाही, नेहमीची परिस्थिती आहे. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा. विनफॉर्म्स आतल्या आत १०० मिलिसेकंदांच्या अंतराने दहा प्रयत्न करतं, म्हणजे वाईटात वाईट एक सेकंद विंडो गोठू शकते. उघडल्यावर बाइट कॉपी करा आणि लगेच बंद करा. पार्सिंग, सफाई, डेटाबेस हे सगळं क्लिपबोर्ड सोडल्यावर. तो धरून बसलात तर दुसऱ्यांचं कॉपी-पेस्ट अडतं.

थ्रेड एसटीए (सिंगल-थ्रेडेड अपार्टमेंट, विंडोचा मुख्य थ्रेड बहुधा याच प्रकारचा) हवा. बॅकग्राउंड थ्रेडवरून डॉटनेटच्या क्लिपबोर्ड वर्गाला हात लावलात की एक्सेप्शन येतं किंवा रिकामं उत्तर मिळतं. 'टास्क.रन' मध्ये क्लिपबोर्ड वाचणारा कोड मी इतक्यांदा पाहिलाय की पहिली शंका तिकडेच जाते. बाइट मुख्य थ्रेडवर घ्या, बाकीचं काम हवं तर मागे ढकला.

अजून एक गोष्ट कळली की बऱ्याच कोड्यांची उत्तरं मिळतात. कॉपी करताना मोठे प्रोग्रॅम सगळी रूपं तयार करत नाहीत, फक्त 'हे देऊ शकतो' एवढं जाहीर करतात. कोणी मागितलं की मगच मूळ प्रोग्रॅमला निरोप जातो आणि तो ते रूप तयार करतो. म्हणून एक्सेलमधली हजारो ओळींची निवड वाचताना तुमचं ॲप अडखळतं, कारण त्या वेळी एक्सेल काम करत असतं. आणि म्हणूनच 'सगळी रूपं वाचून ठेवू, कधीतरी लागतील' हा विचार सोडा. मेटाफाइल, बिटमॅप असली जड रूपं विनाकारण तयार करायला लावाल. एचटीएमएल, आरटीएफ, युनिकोड मजकूर एवढीच मागा, आणि मजकूर नसेल तरच चित्राकडे वळा.

ॲप क्लिपबोर्डवर सतत लक्ष ठेवणार असेल तर ॲडक्लिपबोर्डफॉरमॅटलिसनर वापरा. व्हिस्टापासून ते आहे. जुन्या सेटक्लिपबोर्डव्ह्यूअरच्या साखळीत एक प्रोग्रॅम बिघडला की पुढच्या सगळ्यांना निरोप मिळणं बंद व्हायचं. लक्ष ठेवणाऱ्या ॲपवर एक जबाबदारीही येते. पासवर्ड मॅनेजर आपल्या मजकुराबरोबर 'एक्स्क्लूड क्लिपबोर्ड कंटेंट फ्रॉम मॉनिटर प्रोसेसिंग' या नावाचं रूप ठेवतात, हे शब्द मध्ये जागा न सोडता जोडलेले असतात. ते दिसलं की मजकूर वाचूसुद्धा नका, सेव्ह करणं तर दूरच.

ठेवायचं कसं

माझं ठाम मत आहे की मूळ जसं आलं तसं ठेवा आणि बाकी सगळं त्यावरून तयार करा. सफाई केलेलं तेवढं ठेवून मूळ फेकून दिलं तर पुढे सफाईच्या कोडमधला दोष सापडल्यावर जुनी टिपणं दुरुस्त करता येत नाहीत. वर सांगितलेली गूगल डॉक्सची भानगड घ्या. मूळ बाइट हाताशी असतील तर कोड सुधारायचा आणि सगळ्या नोंदी पुन्हा तयार करायच्या, एवढंच.

डेटाबेस एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा) धरू. एका तक्त्यात टिपणाचा क्रमांक, वेळ, सोर्सयूआरएल, दाखवायचं स्वच्छ एचटीएमएल, शोधासाठीचा साधा मजकूर आणि सफाईच्या कोडची आवृत्ती. दुसऱ्या तक्त्यात मूळ रूपं: टिपणाचा क्रमांक, रूपाचं नाव, आणि ब्लॉब म्हणून कच्चे बाइट, हेडरसकट. स्ट्रिंग म्हणून ठेवू नका, एन्कोडिंगचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जागा वाचवायची असेल तर ब्लॉब जीझिप करा. वर्डच्या एचटीएमएलमध्ये इतकी पुनरावृत्ती असते की ते चांगलंच आक्रसतं. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. फाइलमध्ये ठेवत असाल तर आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदला, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल उरत नाही.

दाखवायच्या एचटीएमएलची सफाई 'हे हे काढा' या पद्धतीने करू नका, 'एवढंच ठेवा' या पद्धतीने करा. परिच्छेद, शीर्षकं, याद्या, तक्ते, ठळक, तिरपं, लिंक, चित्र आणि मोजक्या स्टाइल. स्क्रिप्ट, आयफ्रेम, 'ऑन' ने सुरू होणारे सगळे गुणधर्म, जावास्क्रिप्टचे पत्ते हे आपोआप बाहेर राहतात. क्लिपबोर्डवरचं एचटीएमएल हे अनोळखी वेबपानावरून आलेलं असतं आणि तुम्ही ते वेबव्ह्यूमध्ये दाखवणार असाल तर हा ऐच्छिक भाग नाही. आरटीएफमध्येही ऑब्जेक्ट या नावाचे गट असतात, त्यांत दुसऱ्या प्रोग्रॅमचा बायनरी डेटा बसवलेला असतो. टिपणाला त्यांची गरज नाही, गाळा.

मोजक्या स्टाइल निवडताना फॉन्टचं नाव सरसकट उडवू नका. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर अजून फिरतो. त्यात आतले कोड लॅटिन अक्षरांचे असतात आणि मराठी दिसते ती केवळ फॉन्टमुळे. तिथे फॉन्टचं नाव ही सजावट नसते, मजकूर वाचायची ती किल्ली असते. ते गेलं की उरतो निव्वळ कचरा आणि तो कोणत्या फॉन्टमधला होता हेही कळत नाही. असे फॉन्ट ओळखा आणि सेव्ह करतानाच शोधाच्या रकान्यासाठी युनिकोडमध्ये रूपांतर करा.

शोधाचा रकाना वेगळा ठेवायचं दुसरं कारण म्हणजे मराठीत एकच शब्द दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. 'दुसऱ्या' मधला अर्धा र कोणी ऱ वापरून लिहितं, कोणी साधा र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक वापरून. दिसायला दोन्ही सारखे, बाइट वेगळे. युनिकोडच्या एनएफसी (अक्षर आणि चिन्ह जोडून एकच प्रमाण रूप करणाऱ्या) रूपांतराने र आणि नुक्ता मिळून ऱ होतो, पण जोडकवाला प्रकार तसाच राहतो. शोधाच्या रकान्यात तो तुम्हीच एकसारखा करा. मूळ मजकुरातून मात्र 'अदृश्य अक्षरं' म्हणून जोडक काढून टाकू नका, शब्दाचं रूपच बदलतं.

आणि एसक्यूलाइटचा एफटीएस५ (पूर्ण मजकुरात शोध घेणारा भाग) वापरणार असाल तर त्याचा मूळ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा) देवनागरीला जसाच्या तसा चालत नाही. तो फक्त अक्षर आणि अंक या वर्गांना शब्दाचा भाग मानतो. मात्रा, अनुस्वार, हलंत हे युनिकोडमध्ये चिन्हांच्या वर्गात येतात, म्हणून शब्द प्रत्येक मात्रेपाशी तुटतो आणि शोधाचे निकाल विचित्र येतात. टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' पर्यायात एमएन आणि एमसी हे चिन्हांचे वर्ग जोडा.

विंडोजच्या बाहेर

मॅकवर हेडरची भानगड नाही. एनएसपेस्टबोर्ड 'पब्लिक.एचटीएमएल' आणि 'पब्लिक.आरटीएफ' सरळ देतो. बदल झाल्याची सूचना मात्र मिळत नाही, 'चेंजकाउंट' मधूनमधून तपासावा लागतो. लिनक्सच्या एक्स११ या जुन्या विंडो-प्रणालीवर डेटा कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमकडेच राहतो, त्यामुळे तो बंद झाला आणि क्लिपबोर्ड मॅनेजर नसेल तर मजकूर गेला. वेलँड या नव्या प्रणालीवर साधारणपणे ज्या विंडोवर फोकस आहे तिलाच क्लिपबोर्ड दिसतो. तिन्ही ठिकाणी चालवायचं असेल तर क्यूटी किंवा इलेक्ट्रॉन ही ॲप बनवायची साधनं हे फरक बरेचसे झाकतात. क्यूटीचं 'एचटीएमएल' आणि इलेक्ट्रॉनचं 'रीडएचटीएमएल' विंडोजचं हेडर काढूनच मजकूर देतात.

परत क्लिपबोर्डवर ठेवताना

टिपणातून कॉपी करायची सोय देणार असाल तर 'सेटटेक्स्ट' दोनदा बोलावू नका. दुसरी हाक पहिलं रूप पुसते. एकच डेटाऑब्जेक्ट बनवा, त्यात एचटीएमएल, आरटीएफ, युनिकोड मजकूर तिन्ही घाला आणि 'सेटडेटाऑब्जेक्ट' ला दुसरं मूल्य 'ट्रू' द्या, म्हणजे ॲप बंद केल्यावरही मजकूर राहतो. एचटीएमएलचं हेडर नव्याने मोजा, साठवलेलं जुनं लावू नका. आकड्यांच्या जागी आधी दहा-दहा शून्यं लिहा, सगळं यूटीएफ-८ मध्ये बदलून बाइट मोजा, मग शून्यांच्या जागी खरे आकडे दहा अंकी भरून टाका. हेडरची लांबी बदलत नाही, त्यामुळे मोजमाप दुसऱ्यांदा करावं लागत नाही.

तपासणीसाठी वरचाच नमुना घ्या, 'मराठी' ठळक आणि 'मजकूर' साधा. तुमच्या कोडने सोर्सयूआरएलशिवाय आणि त्याच टॅगरचनेत बनवलेल्या हेडरमध्ये १०५, २१५, १४१, १७९ हे चार आकडे याच क्रमाने आले पाहिजेत. एंडफ्रॅगमेंट १५९ आला तर कुठेतरी अजून बाइटऐवजी अक्षरं मोजली जात आहेत.